रकाना क्रमांक सात

विद्यापीठाचा फॉर्म आलाय, तीन प्रतींत भरायचा.
खेळ : हॉकी, मुली.
रकाना सात : संघासोबतचे प्रशिक्षक, पदनामासह.
खाली पाच रेघा.
मी दारव्ह्याच्या कॉलेजातला कनिष्ठ लिपिक.
लाईन गेलेली, पंखा थांबलेला,
कार्बनची निळाई मनगटापर्यंत चढलेली.

पहिली रेघ सोपी.
प्रा. वामन वैराळे, मुख्य प्रशिक्षक, निवृत्तीला चौदा महिने.
शिट्टी सुतळीला बांधलेली.
संघ हरला की ते कुणाला काही बोलत नाहीत,
मैदानातले खडे वेचून खिशात टाकत राहतात,
आणि अंधार पडल्यावर घरी निघतात
तेव्हा त्यांची पँट एका बाजूला झुकलेली असते.

मग सुलभा निस्ताने, सहायक, तासिका तत्त्वावर.
हॉकीचे तास कुठल्याच नियमात बसत नाहीत,
म्हणून माझ्याच रजिस्टरात ते 'ग्रंथालय' म्हणून मांडलेत.
पहाटे पाचला ती बोरीवरून तिघींना स्कुटीवर आणते.
घरच्यांना ठाऊक आहे की इंग्रजीचा जादा वर्ग असतो.

मुख्तारभाईंना काय लिहू?
शिक्षण सातवी. स्टँडसमोर पंक्चरचं दुकान.
उभ्या जन्मात गोलात उभे राहिले नाहीत,
पण ट्यूब पाण्यात न बुडवता
हवा कुठून जाते ते त्यांना कळतं.
पायल उईकेला म्हणतात,
'बॉलकडे नको पाहू पोरी, तिच्या खांद्याकडे पाय.
गोल आंधी तिथून निघते.'
तिचे पॅड त्यांनीच शिवलेत,
खताच्या पोत्यात जिनिंगमधला वाया गेलेला कापूस भरून.
डाव्या गुडघ्यावर अजून 'युरिया' वाचता येतं.

परवा निस्ताने मॅडमनी मोबाईलवर
कुठल्याशा थंड देशातल्या कॉलेजची मॅच दाखवली.
बर्फावरची हॉकी. पायात पात्यांचे बूट.
बाकामागं कोट घातलेले सात जण, हाताची घडी घालून.
पोट्ट्यांनी गोल मोजलेच नाहीत, कोट मोजले.
'मॅडम, हे सातही एकाच टीमचे?'
'हो.'
'मंग खेळाडूले पाणी कोण देते?'
त्याचं उत्तर मॅडमकडे नव्हतं.

देवराव आत्राम मात्र पडद्यावरून डोळे काढेना.
'बाप्पा, एवढा बरफ!
आन् त्याच्यावर हे पळून राह्यले.'
देवराव बर्फ कारखान्यात रात्रपाळीला असतो.
सकाळी घरी जाण्याआधी लादीचा कोपरा
भुसा लावलेल्या बारदान्यात गुंडाळून
सायकलवर मैदानात आणतो.
निघताना पाच किलो, पोचतो तेव्हा तीन.
बाकीचा रस्ता पितो.
त्या तीन किलोंत चार घोटे आणि एक मनगट भागवावं लागतं.
त्याच्यापुढं मी 'फिजिओ' लिहिलं,
आणि उगाच दाराकडं पाहिलं.

पाचव्या रेघेसाठी प्राचार्यांची चिठ्ठी आली :
व्यवस्थापक, अध्यक्षांचे भाचे.
आणि फॉर्मच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत :
प्रवासभत्ता फक्त दोघांना.
म्हणजे एकालाच.

दुपारी चौघंही ऑफिसात आले.
सर म्हणाले, माझं नाव असू द्या, भत्ता नको.
मॅडम म्हणाल्या, आम्हा बायांना एसटी अर्ध्यात आहे.
मुख्तारभाईंनी पंप करताना उसळी घ्यावी तशी मान हलवली
आणि देवरावकडं बोट केलं.
देवरावनं एकच विचारलं,
'अमरावतीलोक बरफाचं लगेज धरते का कंडक्टर?'

मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या प्रतीवर एरवी काही नीट उमटत नाही.
मी पेन दाबून लिहिलं.
फॉर्म टपालानं गेला त्याला आठ दिवस झाले,
टेबलाच्या मऊ लाकडावरून बोट फिरवलं की
अजून लागतं : आत्राम, दे.