मोकळं

टॅलाडेगाच्या छतावर आम्ही चाळीस जण उभे असतो,
खांद्याला खांदा लावून, कानांवर हेडफोन,
जो तो आपापल्या गाडीचे डोळे होऊन.
खाली कोय लेडबेटरला आरसा दिसतो, पुढचा बंपर दिसतो.
उरलेलं जग त्याला मी सांगतो:
आत आहे. अजून आत. दारापाशी. मागच्या चाकाशी.
मोकळं.

बावीस वर्षं एवढंच बोलून
मी अ‍ॅनिस्टनला घर बांधलं.

इथे एकट्याने कुणी वेगात जात नाही.
इंजिनाच्या घशाशी नियमाने पट्टी बसवलेली,
सगळ्यांना श्वास सारखा, मापून.
मग पुढच्याच्या पाठीमागची पोकळी प्यायची,
आणि ताशी एकशे नव्वद मैलांवर
वैऱ्यालाच म्हणायचं, ढकल बाबा.
तीन रांगा, मध्ये वीतभर हवा.
एकाचं चाक घसरलं
की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

थर्मन स्ट्रिकलँड इंजिनं बांधतो. तो म्हणतो,
वर्षभर मी दाणा दाणा वेचायचा,
आणि ऑक्टोबरात एका दुपारी यांनी पोतं उपडं करायचं!
खेळ म्हणून करा हवं तर. मजा आहे, मीही बघेन.
पण त्याचे गुण वर्षाच्या हिशेबात कशाला?

नॅडीन प्रुइट टायरच्या दुकानामागे
एकुलती एक गाडी पाळते.
ती उकडलेल्या शेंगा सोलत म्हणते,
बाकीच्या मैदानांवर माझा नंबर तिसावा,
शर्यतीच्या आधीच ठरलेला.
तिथे पैसा जिंकतो, त्याला तुम्ही कौशल्य म्हणता.
इथे निदान वारा फुकट मिळतो.

दोघांचंही खरं वाटायचं मला.
त्या ऑक्टोबरापर्यंत.

चार फेऱ्या उरल्या होत्या. कोय गुणांत दुसरा.
वळणावर ऊन समोरून आलं,
मी म्हटलं, मोकळं.
नव्हतं.
निळ्या गाडीचं नाक अजून तिथेच होतं,
काकणभर.

सतरा गाड्या.
धूर निवला तेव्हा कोय चालत बाहेर आला,
हेल्मेट काखेत, एका कानावर रक्त.
मायक्रोफोनपुढे म्हणाला, नशीब. हे मैदान असंच आहे.
अजिंक्यपद अकरा गुणांनी गेलं.
रात्री ट्रकपाशी त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला:
तू तरी काय करणार वेंडेल,
त्या घोळक्यात देवालाही दिसलं नसतं.
मी म्हटलं, हो ना.

तेव्हापासून वाद निघाला की मी थर्मनच्या बाजूला.
त्याच्याहून मोठ्याने.
लॉटरी आहे नुसती, म्हणतो,
असल्या शर्यतीवर माणसाचं वर्ष तोलू नये,
लिहून द्या तसं, मी पहिली सही करतो.
थर्मन मान डोलावतो.
त्याला खरंच तसं वाटतं, एवढाच आमच्यात फरक.

नॅडीन वाद घालत नाही हल्ली.
एकदाच म्हणाली, टरफलं झटकत,
त्या दिवशी माझं पोर धुरातून निघालं, चौथं आलं.
सगळे म्हणाले, नशीब काढलं.
छतावरून माझा भाऊ त्याला नऊ वेळा म्हणाला होता,
थांब.
मग कागदाची पिशवी माझ्यापुढे सरकवली.
शेंगा कोमट होत्या, खारट.

एप्रिलात पुन्हा छतावर.
पाइनच्या परागांनी रेलिंग पिवळं झालेलं,
खाली तंबूंतून मांस भाजल्याचा धूर,
आणि घोळका वळणावर आला की
अपघात नको म्हणणारेही उठून उभे राहतात.
मीसुद्धा टाचा उंचावतो.

आत आहे. अजून आत.
कोय रेडिओवर खेकसतो, उशीर करतोयस वेंडेल,
झोपलास की काय?
मी पुन्हा पाहतो. पुन्हा एकदा.
मोकळं, म्हणतो,
तोवर तिथे कुणीतरी आलेलं असतं.