बारा गाठी

दोरीला बारा गाठी.
मीटरमीटरवर मारलेल्या, ओल्या बोटांना न बघता कळतात.
वैशाखातली सकाळ, रंकाळ्यावर वारा नाही.
दस्तगीरचाचा वल्हं उचलून धरतात
आणि नाव आपसूक थबकते
संध्यामठापासून जरा आत,
जिथं कधीकाळी दगड काढत काढत
माणसं खोल गेली होती.

पहिली गाठ : एकतीस.
तिसरी : जवळपास तेवढंच.
काठावर कुणी म्हैस धुतंय,
चौपाटीवर कालच्या भेळेचे कागद.
सहावीपर्यंत उन्हाळाच.
मग सातवी आणि आठवीच्या मधे
आतून कुणी कडी लावून घ्यावी
तसा पारा पडतो.
बाराव्या गाठीला तेवीस.

बाटली वर येते, अंगभर दव घेऊन.
झाकण उघडलं की नासक्या अंड्यांचा वास.

"हे आपल्या तळ्याचं न्हवं," चाचा म्हणतात.
चाळीस वर्षं नाव हाकलीय त्यांनी,
केंदाळ कुठल्या महिन्यात कुठल्या काठाला लागतं
ते तोंडपाठ.
"कुठलं पाणी ओ हे, मॅडम?"

पौषातलं, मी सांगते.
थंडीत सगळं तळं एकजीव होतं.
पुढं ऊन वरच्याला हलकं करतं,
हे जड, हे खालीच राहतं,
वाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही.
वरून पडेल ते घेतं, पानं, निर्माल्य, मेलेले मासे,
आणि जवळचा सगळा श्वास
त्यातच खर्चून बसतं.

ते ऐकत होते की नाही, कोण जाणे.
"पौषातलं," एवढंच म्हणाले.
मग बाही वर सारून
दोन बोटं बाटलीत घातली,
तापल्या पोराच्या कपाळाला लावावीत तशी.

पौषात नाव त्यांचा मुलगा चालवायचा.
हे मला नंतर भेळवाल्यानं सांगितलं.
आखातात आहे म्हणतात;
भांडून गेला, एवढं नक्की.

"वर कवा येतंय हे?"
दिवाळीनंतर, कडाका पडला की, एखाद्या रात्रीत.
मासे मरतात तेव्हा. गावभर वास सुटतो.
"सुटू दे की."

तपासणीपुरतं काढून घेतलं,
उरलेलं ओतायला मी बाटली कलती केली,
तर त्यांनी मनगट धरलं.
"हितं नगा. जिथलं हाय तिथं सोडा."

याला शास्त्रात काही कारण नाही.
मी दोरी पुन्हा सोडली,
गाठी मोजत, बारापर्यंत.
वहीत त्याची नोंद नाही.