मधलं भोक

पिरोश्काबाई दर ऑक्टोबरात येतात
भद्रावती पेठेत, माझ्या मागावर.
दीड हात कापड. आडवे पट्टे.
तांबडा, पांढरा, हिरवा.
पहिल्या साली मी विचारलं, भगवा का?
नाही हो, तांबडाच. मिरचीचा.

गिरणीत मशिनी जोडायला आलेल्या, दोन वर्षांसाठी.
गिरणीला कुलूप लागलं, बाई राहिल्या.

कापड उतरलं की कात्री मागतात
आणि ऐन मध्यात, पांढऱ्यात,
ताटलीएवढं भोक पाडतात.
माझ्या पोटात कळ येते.
सात पिढ्या आम्ही तुटला धागा जोडत आलो.

मध्ये एक चिन्ह होतं, त्या सांगतात, लादलेलं.
लोकांनी कापून काढलं
आणि भोकासकट झेंडा रस्त्यावर आणला.
बाबाही गेले होते.
पुढचं सांगत नाहीत. मी विचारत नाही.

संध्याकाळी गच्चीवर, वाळत्या टॉवेलांच्या रांगेत
तोही एक लटकतो.
कडक भाकरी, शेंगाचटणी,
बाई हळू काहीतरी म्हणतात त्यांच्या बोलीत.
भोकातून गिरणीची चिमणी दिसते,
वारा फिरला की नुसतं आभाळ.

पडलेला गोल राजव्वा उचलते,
लोणच्याच्या बरणीला दादरा करते.
अकरा बरण्या झाल्या.

यंदा बाईंचा हात थरथरला.
कात्री माझ्यापुढे धरली. तुम्ही कापा.
मी कापलं. वाकडं गेलं,
धागे लोंबले.
माफ करा म्हणालो.

असू दे, त्या म्हणाल्या,
तेव्हाही वाकडीच होती सगळी.
घाई होती.