पडद्याची दांडी

फेनेला ड्रेव्हर रात्रीच्या बोटीने आली,
ॲबर्डीनहून चौदा तास, अख्खा समुद्र पोटात घेऊन,
आणि तपासणीचं पहिलं काम म्हणून
कर्मचाऱ्यांच्या बाथरूममध्ये जाऊन ओकली.
इंगा मूअटने तिला काळा चहा दिला, कोरडी बिस्किटं दिली.
दोघींपैकी कुणीही याची नोंद केली नाही.

लर्विकला डिसेंबरात नऊला उजाडतं
आणि तीनला दिवस गुंडाळून ठेवतात.
तेवढ्यात सगळं बघायचं:
मासळीच्या जुन्या गोदामातल्या तीन खोल्या,
सात माणसं, आठवी जागा दोन वर्षं रिकामी.
जाहिरात दिली की अर्ज येतात,
मग अर्जदार नकाशा बघतात.

दारं दोन्ही बाजूंना उघडतात ना.
मूल दाराजवळ बसतं ना, विचारणारा आतल्या बाजूला.
आरसा आहे, काच नाही.
खिडकी चार बोटं उघडते, वाऱ्यापुरती.
फेनेला प्रत्येक कडी, प्रत्येक मूठ न्याहाळते,
घर विकत घ्यायला आल्यासारखी नाही,
घरात साप शिरलाय असं कुणी सांगितल्यासारखी.

"पहिल्या भेटीला किती आठवडे लागतात?"
"अठरा," इंगा म्हणते.
आणि थोड्या वेळाने,
"अठरा तुमचे. आमचे तेवीस."

मग नोंदवही.
नऊ नोव्हेंबर, पहाटे पाचला दहा कमी.
खोली दोन. पडद्याची दांडी निखळली.
प्रकार: मालमत्तेचं नुकसान.

"हे काय आहे?"

इंगा दोन्ही हात टेबलावर ठेवते.

तो सोळाचा.
त्याचं नाव या कवितेतही येणार नाही,
कलम चार तिलाही लागू आहे.
बाप काय करतो तेही नाही. बेट लहान,
इथे बाप सांगितला की मुलगा कळतो.
एवढंच, की त्या रात्री त्याला जगायचं नव्हतं
आणि दांडीला, मानक एकतीसप्रमाणे,
त्याचं वजन पेलायचं नव्हतं.

ती सुटली. असा खणखणाट,
की रात्रपाळीचा मॅग्नी इस्बिस्टर
एकाच पायात बूट घालून धावला.
पडदा पडला होता
आणि पडद्याआड कुणी गेलं नव्हतं.
पोरगं फरशीवर, कापडात गुंतलेलं, कान लालबुंद,
म्हणालं, "सॉरी. तुमची दांडी मोडली."
मॅग्नी म्हणाला, "ती त्यासाठीच असते रे,"
आणि शेजारी बसला, एका पायात बूट,
उजाडायला अजून तीन तास होते.

फॉर्मवर सहा चौकटी होत्या:
बिघाड, नुकसान, चोरी, इजा, पलायन, मृत्यू.
इंगाने बिघाडावर खूण केली, मग खोडली.
बिघाड कुठे होता?
उलट पहिल्यांदाच या इमारतीत
एखादी वस्तू सांगितल्याप्रमाणे वागली होती.
शेवटी नुकसान. चौदा पौंड.
सुतार गुरुवारी येऊन बसवून गेला.

फेनेला बराच वेळ काही लिहीत नाही.
मानक एकतीस कुठून आलं तिला ठाऊक आहे.
आधी एका गावात
न सुटलेली एक दांडी होती.
अहवालात त्या मुलाला 'रुग्ण क' म्हटलं होतं.
फेनेला तेव्हा नवीन, मुद्रितं तपासायची;
त्या वाक्यातला स्वल्पविराम तिने हलवला होता,
आणि तो योग्य जागी बसला
म्हणून तिला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

ती पेनाचं टोपण लावते, काढते.
"आता कसा आहे तो?"
हा प्रश्न तिच्या यादीत नाही.

इंगा खिडकीकडे बघते. चार बोटं वारा.
"ते मला सांगता येत नाही."

"बरोबर," फेनेला म्हणते,
आणि मान खाली घालून
कलम चारपुढे लिहिते:
पाळलं जातं.