अर्धी खाच

ताहेरभाईंनी ती हिरव्या बनातीवर ठेवली,
आडवी, हलक्या हाताने,
झोपलेलं पोर दुसऱ्याच्या मांडीवर देतात तशी.
फोर्टातलं दुकान. तीन पंखे, फिरतो एकच.
भिंतीवर सांबराचं डोकं होतं म्हणे.
आता नुसता खिळा,
आणि खिळ्याभोवती न विटलेला रंग.

"पहिलीच?"
पहिलीच, मी म्हटलं.
म्हणजे माझी. तिची मी तिसरी.

परवान्याला दीड वर्ष गेलं होतं.
अर्जात एक रकाना: कारण.
स्वसंरक्षण, पीकसंरक्षण, क्रीडा.
शिकार हा शब्द छापील कागदावरून केव्हाच उठलेला.
माझं पीक म्हणजे खिडकीतला ओवा आणि दोन मिरच्या.
क्रीडा लिहिलं.
इन्स्पेक्टर म्हणाला, मॅडम, कॅरम का नाही खेळत?
मी हसले. त्याला तेवढंच हवं होतं.
खरं कारण रकान्यात मावलं नसतं:
चाप दाबण्याआधीचा तो अडवलेला श्वास,
ज्यात लॅबमधल्या रक्ताच्या बाटल्या नसतात,
भावाचा हप्ता नसतो,
मीही फारशी नसते.

ताहेरभाई विकत नव्हते, शिकवत होते.
"भाव नंतर. आधी नळी."
बोल्ट काढून बाजूला ठेवला,
मागच्या तोंडाशी अंगठा धरायला लावला, नख उजेडाकडे,
आणि पुढून डोळा.
आत एक गोल जिना, चकचकीत, वळत वळत गेलेला,
आणि त्याच्या तळाशी माझंच नख, गुलाबी.
"टोकाशी चिमूटभर गंज आहे. समुद्राकाठी राहिलीय. चालेल.
लाकूड इथे चिरतं, बोट फिरवा.
स्क्रूंची तोंडं चावलेली दिसली तर समजा,
कुणीतरी घरी बसून हुशारी केली.
निवडणुका लागल्या की ठाण्यात जमा,
आणि परत घेताना पावतीच्या आधी नळी बघायची,
त्यांच्या कपाटाला पावसाळ्यात घाम येतो."

भाव त्यांनी चिठोऱ्यावर लिहून पालथा सरकवला.
मी माझा लिहिला.
दोन आकड्यांच्या मध्ये चहा आला.

चहा संपताना मी तिला उलटी केली.
दस्त्याच्या पोटाशी, गाल लागत नाही अशा जागी,
चार खाचा. चाकूच्या. एकाच हाताच्या.
आणि पाचवी, अर्धी.

"मुरूडचे वकील होते, पोतनीस.
नंतर मुलाच्या नावावर झाली, त्याने बोल्टसुद्धा ओढला नाही.
अकरा वर्षं माझ्याकडे पडून आहे."
आणि ह्या?
"पॉइंट टू-टूने वाघ पडत नाही, बाई.
ससे असतील. एखादं भेकर.
नाहीतर पैजेचे नारळ."
मग अर्धी का?
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"बहात्तरचा कायदा आला असेल.
चाकू बोथट झाला असेल.
किंवा ते लागलं, पण झाडीत शिरलं,
आणि साहेब कंदील घेऊन रात्रभर—"
तिथेच थांबले.
चिठोऱ्यावरचे हजार रुपये कमी केले.
"घासून पॉलिश मारून देतो. संध्याकाळपर्यंत काही दिसणार नाही."

नको, मी म्हटलं.
का म्हटलं, ते टॅक्सीत बसल्यावरही उमगलं नाही.
ती मांडीवर, कॅनव्हासच्या पिशवीत.
ड्रायव्हरने आरशातून पाहिलं: "सतार का?"
हो म्हणून टाकलं.

पहिला रविवार. पन्नास मीटर. कागद.
पालथी पडून श्वास अडवला,
सगळं गेलं, जायला हवं तसं.
पण गोळी कागदाला लागलीच नाही.
मागच्या मातीतून धूळसुद्धा उठली नाही.
शेजारच्या गादीवरचं सोळा वर्षांचं पोर
दुर्बिणीला डोळा लावून म्हणालं,
"मावशी, कुठे गेली?"

मला माहीत नव्हतं.
शिट्टी झाली, नळ्या रिकाम्या झाल्या,
सगळे आपापला कागद आणायला निघाले.
मी कागद ओलांडून पुढे गेले, ढिगाऱ्यापर्यंत,
गवत हाताने बाजूला केलं,
आणि वाकून बघत राहिले.