नमुना

तौसीफ साडेसहाला येतो, कोंढव्याहून, स्कूटरवर.
दोन नळ्या. फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत,
हळू उलट्यासुलट्या करायच्या, घुसळायच्या नाहीत.
मला सांगतोय.
एकतीस वर्षं पर्वती जलकेंद्रात नमुने घेतले मी, बाळा.

नळ आधी दोन मिनिटं वाहू द्यायचा,
तोटी जाळून घ्यायची,
बाटलीच्या गळ्याला बोट लागता कामा नये.
मग थेंब. पिवळं झालं की क्लोरीन आहे,
चला पुढच्या गल्लीत.
नाही झालं, तर कुठंतरी, दिसत नाही अशा जागी,
ड्रेनेज पाण्याच्या लाइनला भेटलंय.

रस्ता न खोदता कळायचं ते.
पुण्यात रस्ता न खोदता काही कळतं
यावर आमच्या ह्यांचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही.

आतड्याचा तुकडा काढला, त्याला चौदा महिने झाले.
तेव्हा खोदलंच होतं. टाके थंडीत अजून ओढतात.
आता फक्त रक्त.
मरणाऱ्या पेशी जाता जाता चिठ्ठ्या सोडतात प्रवाहात,
गाठीच्या पेशींचं अक्षर वेगळं असतं,
असं डॉक्टर मुळगुंद म्हणाल्या.

दोनदा कोरं आलं.
तिसऱ्यांदा: आढळले.
स्कॅन स्वच्छ. वजन तेवढंच.
परवाच तुळशीबागेत जाऊन
नको असलेली चाळणी घेऊन आले.

ब्याण्णव साली गंज पेठेतला एक नमुना
पिवळा व्हायला तयार नव्हता.
मी कागद वर पाठवला.
साहेब म्हणाले, "लोकांची तक्रार आहे का? नाही ना?"
पंचविसाव्या दिवशी कावीळ आली,
एकेक घर करत, मीटर वाचायला यावं तशी.

आता साहेबांच्या खुर्चीत मी.
पोटाची काही तक्रार नाही.
मुळगुंदबाई प्रामाणिक आहेत:
आकडा लहान आहे,
नुसत्या आकड्यावर औषध सुरू करावं का
यावर आमच्यातच एकमत नाही.
चार आठवड्यांनी पुन्हा बघू.

ते आज भरले.
मधल्या काळात मी रोज पाण्याचा पेला
खिडकीच्या उजेडाला धरला. सवय.

तौसीफ लेबलासाठी पेन काढतो.
दे इकडे.
वेळ: सहा बेचाळीस.
ठिकाण: डावा हात, कोपराच्या आत.
शेऱ्याला इथं रकाना नाही,
तरी कडेला, बारीक अक्षरात,
तेव्हा नवी होते म्हणून लिहायचं राहिलं ते:
तक्रारीची वाट पाहू नये.