परातीतलं क्षितिज

जुन्या बाजारात, तोट्यांच्या ढिगात
बाबांना सापडला पितळी सेक्स्टंट.
दिगंबर ओतारी, जन्म घंटा ओतण्यात गेला,
भाव त्यांनी वजनावरच केला.
चिंचेनं घासल्यावर नाव उमटलं:
ॲम्ब्रोझ थॉर्न, लेफ्टनंट.

मग रोज ग्रंथालय, शेजारी डिक्शनरी,
आणि रात्री आमटीबरोबर थॉर्न.
बाराव्या वर्षी कोळशाच्या जहाजावर चढला.
शिशाची दोरी सोडत, ओढत, पुन्हा सोडत
कुठले कुठले किनारे कागदावर आणले त्यानं.
खलाशांना आंबट कोबी; नाही खाल्ला तर फटके.
एकदा पहाटे बेट दिसलं.
नकाशात टाकलं, वर राणीचं नाव दिलं.
पुढे तिथून जो जो गेला
त्याला नुसतं पाणी.
थॉर्नला अर्ध्या पगारावर घरी बसवलं.
"खोटारडा नव्हता गं," बाबा म्हणाले,
"ढगच तसा असेल."

मार्गशीर्षात, भर दुपारी,
आम्ही कसब्यातल्या गच्चीवर.
क्षितिज कुठून आणणार?
चहूकडे टाक्या, जिने, कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी.
बाबांनी कणकेची परात मांडली, तिच्यात गोडेतेल.
तेलातल्या सूर्यावर
आभाळातला सूर्य हळूहळू उतरवला,
कडेला कड लागेपर्यंत.
मी घड्याळ धरलेलं. ते श्वासही घेईनात.

वहीच्या पाठकोऱ्या पानावर बराच वेळ हिशेब,
खोडाखोड, हातचे.
अठरा अंश, एकतीस मिनिटं.
"आहे," ते म्हणाले, "पुणं आहे."
आणि चष्मा पुसत राहिले.

खालून आईची हाक:
परात द्या आधी.